शेवटची सोळा पानं

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पुस्तकबांधणी (नऊ वर्षांपूर्वी निवृत्त, पण बोटांना ते अजून कळलेलं नाही), लिहून ठेवते की माझी बुद्धी ठिकाणावर आहे, स्मरणशक्ती गरजेपेक्षा जास्तच ठिकाणावर आहे, आणि पुढचा मजकूर मी कोणाच्या धाकाने, भिडेने किंवा गोड बोलण्याला भुलून लिहीत नाही. माझ्याशी गोड बोलणारं आता उरलंय कोण?

येत्या सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, आमचं रोजचं काम आहे." त्यांचं रोजचं असेल, माझं पहिलंच आहे. म्हणून आज मंगळवारी दुपारी लिहायला बसले. माझा हात कापतो, तेव्हा मी सांगते आणि माझी भाची उतरवून घेते. वकीलसाहेबांनी बजावलं होतं की मृत्युपत्रात मालमत्तेचं लिहायचं, मनातलं नाही. मी त्यांना म्हटलं, "मग तुम्ही मधली पानं वाचू नका."

कलम १. राहतं घर. कुलूपवाल्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, सगळं माझ्या कष्टाचं, ते माझ्या भाचीला. ही माझ्या दादाची मुलगी. एकोणिसाव्या वर्षी एक पिशवी घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आत्या, तुझ्याकडे राहू का?" मी म्हटलं, "चपला बाहेर काढ." त्याला चौदा वर्षं झाली. तिला सूचना अशा की जिन्याची तिसरी पायरी हलते, तिच्यावर भरवसा ठेवू नये. मागच्या खोलीची खिडकी नीट लागत नाही, फटीत मी पुठ्ठ्याची घडी घातली आहे, ती घाण दिसते म्हणून काढू नये. माझ्यानंतर कोणी "एकटी बाई एवढ्या जागेचं काय करणार" असं म्हणत आलं, तर त्याला तिसऱ्या पायरीवर उभं करावं.

कलम २. माझा दादा. हयात आहे, वय सत्त्याहत्तर. त्याला माझी आरामखुर्ची द्यावी. दर महिन्याला येऊन तिच्यात बसून त्याने मला ऐकवलं आहे की पुस्तकं वाचून बायका बिघडतात आणि मी त्याचं जिवंत उदाहरण आहे. आता त्याने ती स्वतःच्या घरी नेऊन बसावं. आई गेली त्या आठवड्यात याने माझं दप्तर माळ्यावर टाकलं आणि म्हणाला, "बारा वर्षांची घोडी झालीस, आता चूल सांभाळ." मी सांभाळली. त्याच्या लग्नापर्यंत सांभाळली. पण चुलीत घालायला आणलेल्या रद्दीतला एकेक कागद आधी वाचून मग आत सारायची, त्यामुळे आमच्याकडे भात नेहमी करपायचा, आणि त्याबद्दल दादाची मी आज रीतसर माफी मागते.

कलम ३. हत्यारं. दोन दाभणं, सुयांचा डबा, घडी दाबायची हाडाची पट्टी, लाकडी दाबयंत्र आणि खळ शिजवायचं पितळी पातेलं, हे सर्व सार्वजनिक ग्रंथालयाच्या दुरुस्ती खोलीला, जिथे मी त्रेचाळीस वर्षं काम केलं. अट एकच. हल्लीच्या ग्रंथपालांनी सुटलेल्या पुस्तकांना पिना मारायचं जे खूळ काढलं आहे, ते या हत्यारांच्या शेजारी चालणार नाही. पीन गंजते, कागद खाते, आणि पुस्तक पुरतं उघडत नाही. मी हे त्यांना तोंडावर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बाई, हल्ली एवढा वेळ कोणाला आहे?" साहेब, तुम्हाला आहे. तुम्ही दिवसभर पंख्याखाली बसलेले असता, मी पाहिलं आहे.

कलम ४. साक्षीदार. पहिले साक्षीदार खालच्या दुकानातले कुलूपवाले. वकिलांनी सांगितलं की जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, दिलं तरी ते बाद होतं. मी कुलूपवाल्यांना तसं सांगून टाकलं. ते म्हणाले, "ताई, पंचवीस वर्षांत चहाशिवाय तुम्ही दिलंय काय? करतो सही." दुसरा साक्षीदार अजून ठरायचा आहे.

कलम ५. आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते.

माझ्या कपाटात वरच्या खणात, जुन्या उशीच्या अभ्र्यात, छापील सोळा पानं आहेत. छापलेल्या मोठ्या कागदाच्या घड्या घातल्या की सोळा पानांची एक जुडी होते, तिला आम्ही फर्मा म्हणतो. असे फर्मे एकावर एक ठेवून दोऱ्याने शिवले की पुस्तक तयार. हा एका पुस्तकाचा शेवटचा फर्मा आहे. तो मी कापून काढला. ते पुस्तक शाळेचं होतं आणि माझ्या हातात विश्वासाने दिलेलं होतं.

आमच्या वर्गाला एक बाई होत्या. वयाने तरुण, आवाज जरासा बसलेला. शनिवारी शेवटच्या तासाला त्या पहिल्या बाकाच्या कोपऱ्यावर बसून गोष्टीचं पुस्तक मोठ्याने वाचायच्या. त्यांची एक रीत होती, जी मी नंतर कुठल्याच शिक्षकात पाहिली नाही. त्या पुढचं आधी वाचून ठेवायच्या नाहीत. आम्ही विचारायचो, "बाई, पुढं काय होतं?" त्या म्हणायच्या, "मला तरी कुठं माहितीय? एकदमच कळू दे आपल्याला." आणि ऐन रंगात आलं की पानात दोरा ठेवून पुस्तक मिटायच्या. "बास. उरलेलं शनिवारी." अख्खा वर्ग ओरडायचा. मुख्याध्यापकांच्या मते बाई तयारी न करता वर्गावर जात. त्यांना काय कळणार! पुढचं पान उलटताना बाईंचे स्वतःचे डोळे मोठे व्हायचे, ते बघून मला पहिल्यांदा वाटलं की पुस्तक म्हणजे परीक्षेची गोष्ट नाही. माझ्या आयुष्यात जे काही बरं झालं, ते त्या बाकाच्या कोपऱ्यापासून सुरू झालं. हे मी सर्वांसमक्ष कबूल करते आणि त्यासाठी त्यांची जन्माची ऋणी आहे.

ज्याला शनिवारपर्यंत दम निघायचा नाही, त्याला बाई ते पुस्तक घरी न्यायला द्यायच्या. शाळेचा नियम होता की कपाटातली पुस्तकं बाहेर जाणार नाहीत. बाई तो धाब्यावर बसवायच्या. त्यांची अट एवढीच की शेवट कळला तर तोंडाला कुलूप, बाईंनासुद्धा सांगायचा नाही.

त्या वर्षी दीपगृहाच्या राखणदाराच्या मुलीची गोष्ट चालू होती. तिची आई आजारी, होडीने पलीकडच्या काठावर इस्पितळात नेलेली. मुलगी एकटी रोज दिवा लावते, आईची होडी चुकू नये म्हणून. माझीही आई तेव्हा अंथरुणाला खिळली होती. दर शनिवारी घरी जाऊन मी तिला बाईंच्याच आवाजात ती गोष्ट सांगायची. आई विचारायची, "आली का गं तिची आई?" मी सांगायची, "अजून नाही. पण होडी निघालीय."

शेवट वाचायचा राहिला होता त्या आठवड्यात मी पुस्तक घरी आणलं आणि पुढचं वाचून काढलं. होडी येते. आई नसते.

मी पुस्तक उलटं ठेवलं. मला पक्कं वाटलं, हे शनिवारी वर्गात मोठ्याने वाचलं गेलं की खरं होणार. नाही वाचलं तर होणार नाही. आईच्या शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली, घडीतला दोरा कापला आणि सोळा पानं अलगद सोडवली. एकही पान फाटलं नाही. पुस्तक आतून शिवलेलं असतं हे मला तेव्हाच कळलं. जन्मभर ज्या धंद्यावर जेवले, त्याची सुरुवात ही अशी.

पुस्तक परत गेलं, शनिवारी वर्गात पानं नाहीत हे उघडं पडलं आणि बोभाटा मुख्याध्यापकांपर्यंत पोचला. काप इतका सफाईदार होता की मुख्याध्यापक म्हणाले, हे लहान मुलाचं काम नव्हे, मोठ्या माणसाचं आहे. पुस्तक नियम मोडून बाहेर नेलेलं, किल्ली बाईंकडे, मग दोष कोणाचा? आम्हा सगळ्यांना उभं करून विचारलं. बाई माझ्यापासून चार हातांवर उभ्या होत्या. त्यांनी आमच्याकडे नजर फिरवली आणि मुख्याध्यापकांना म्हणाल्या, "माझ्या वर्गातलं कुणी पुस्तकाला असं करणार नाही." पुस्तक कोणाकोणाकडे गेलं होतं, तेही त्यांनी सांगितलं नाही. मी तिसऱ्या बाकावर उभी होते. गप्प राहिले.

बाईंना त्या शाळेतून काढून लांबच्या एका शाळेत पाठवलं. बाईंनी शाळा सोडली त्याच आठवड्यात माझी आई गेली. तेव्हा माझ्या त्या कापण्याचा कोणालाच काडीचा उपयोग झाला नाही.

मी तेव्हा बारा वर्षांची होते. चांगली कळती होते. हे वाचणाऱ्यांनी "लहान होती बिचारी" म्हणून मला सोडून देऊ नये.

पुढे ग्रंथालयात नोकरीला लागल्यावर हजारो पुस्तकं शिवली. एकदा शाळांमधून रद्दबातल झालेल्या पुस्तकांचा ढीग माझ्या टेबलावर आला, त्यात तेच पुस्तक निघालं. पाठीमागच्या कोऱ्या पानावर लाल शाईचा शेरा: "शेवटची १६ पाने नाहीत. जबाबदार: वर्गशिक्षिका." अर्ध्या तासाचं काम होतं फर्मा परत शिवायचं. माझे हात तिकडे वळलेच नाहीत. शिवलं की दिसणार कसं, काही झालंच नाही असं. मी ते घरी आणून पानांशेजारी ठेवलं.

बाई हयात आहेत. चार वर्षांपूर्वी मोठ्या अक्षरांची पुस्तकं मागायला ग्रंथालयात आल्या होत्या. माझी पेन्शनची कामं घेऊन मी खिडकीशी उभी होते. आवाजावरून ओळखलं आणि कपाटाआड लपले. सदुसष्टाव्या वर्षी लपले! तेव्हापासून मोठ्या अक्षरांची पुस्तकं मिळवून, नीट बांधून, भाचीच्या हाती त्यांच्याकडे पाठवते. "बाइंडिंगवालीने दिलंय" एवढंच सांगायचं, असं भाचीला बजावलं आहे. त्या दोन गल्ल्या पलीकडे एकट्या राहतात.

तरी माझी इच्छा अशी की माझ्या मृत्यूनंतर ते पुस्तक, ती सोळा पानं आणि या कलमाची नक्कल बाईंना पोचती करावी.

(इथे भाचीने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "मेल्यावर? आत्या, त्या एकोणनव्वद वर्षांच्या आहेत. आधी कोण जाणार, ते तुम्ही दोघींनी ठरवून घेतलंय का?" मी म्हटलं, "तू लिही गप." ती म्हणाली, "नाही लिहीत. एकदा तोंड बंद ठेवलंस, आता मरूनसुद्धा बंदच ठेवणार आहेस." माझ्याच घरात, माझंच पेन घेऊन! मला इतका राग आला की मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि रिकामी कढई घासत बसले. हे सगळं लिहून ठेव असं मीच तिला सांगितलं आहे.)

कलम ६. बुधवारी लिहिलेलं. कलम ५ मधलं देणं रद्द समजावं. कारण खालीलप्रमाणे.

आज सकाळी मी बाईंकडे गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. त्या खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर मीच बांधलेलं पुस्तक. आता त्यांना माणसं पुसट दिसतात.

"कोण आहे?"

"मी, बाई. बाइंडिंगवाली."

"अगंबाई! आज स्वतः आलीस? बस, बस. तुझी शिवण फार छान असते हं. पुस्तक उघडून ठेवलं की उघडं राहतं."

मी बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, जसं तेव्हा सांगायला हवं होतं. फक्त आईचं काही सांगितलं नाही. सबब सांगितल्यासारखं झालं असतं.

बाईंनी मांडीवरचं पुस्तक उचलून बाजूला ठेवलं.

"मी मुख्याध्यापकांना काय म्हटलं होतं, आठवतं?"

"आठवतं."

"म्हणून दाखव."

मी म्हणून दाखवलं.

"तू तिथंच होतीस ना?"

"तिसऱ्या बाकावर."

"बदलीचं मला काही वाटलं नाही," बाई म्हणाल्या. "पण त्यानंतर मी तीस वर्षं शिकवलं आणि वर्गात एकदाही मोठ्यानं वाचलं नाही. गणित मागून घेतलं. मला वाटायचं, तुमच्यातल्या कुणाला तरी माझं वाचणं नकोसं झालं असणार. नाहीतर नेमका शेवटच कोण कशाला काढील?"

हे माझ्या कधी ध्यानीमनीही आलं नव्हतं. बाईंची नोकरी बिघडली एवढंच मी आजवर उराशी धरून बसले होते. तीस वर्षांतले तीस वर्ग! त्या बाकाच्या कोपऱ्यावरून मला जे मिळालं, ते त्या सगळ्या मुलांना मिळालं नाही, आणि ते माझ्यामुळे. याची भरपाई कुठल्या कलमात बसवू? मला सुचत नाही.

मी रडत रडत मृत्युपत्राचं सांगितलं. बाईंनी एकच विचारलं, "साक्षीदार कोण?"

"एक कुलूपवाले. दुसरं अजून कोणी नाही."

"मी आहे की. सहीपुरतं दिसतं मला."

"बाई, साक्षीदाराला त्यातलं काही मिळत नाही."

"मग आत्ताच दे. आणि दे म्हणजे वाच. तुझ्यामुळं मला अजून शेवट माहीत नाही."

भाचीला बाहेर पायरीवर बसवलं होतं, तिच्याकडून पानांची पिशवी घेतली आणि वाचायला लागले. बाई पुढे वाकून ऐकत होत्या. दीपगृहाची मुलगी तेल ओतते, वात सारखी करते, होडीचा ठिपका दिसतो. चौदा पानं झाली. मी पान उलटलं, तोच बाईंनी हात वर केला.

"बास. उरलेलं शनिवारी."

"बाई, सोमवारी माझं ऑपरेशन आहे."

"म्हणून तर शनिवारी म्हणतेय. मंगळवारी म्हटलं का?"

कलम ७. शनिवारी लिहिलेलं, बाईंच्या खोलीत. भाची लिहिते आहे, कुलूपवाले दारात टोपी हातात घेऊन उभे आहेत.

मधले दोन दिवस मी घराबाहेर पाऊल टाकलं नाही. माझं हृदय थकलेलं, त्यांचं वय एकोणनव्वद. कुणाचंही काही बरंवाईट झालं असतं तर दोन पानं राहिली असती. गुरुवारपासून भाची रोज दोनदा तिकडे फेरी मारून यायची आणि जिन्यातूनच ओरडायची, "आहेत गं! भाजी निवडतायत!"

आज उरलेली दोन पानं वाचली. होडी काठाला लागते. नावाडी आईची शाल मुलीच्या हातात देतो. मुलगी ती पांघरते, वर जाते आणि दिवा लावते, कारण समुद्रावर इतरही होड्या आहेत. संपलं.

बाईंनी डोळे पुसले. मग एकाएकी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझी आई त्याच वर्षी गेली ना?"

"मी पानं कापली, त्यानंतर आठ दिवसांनी."

"हं," बाई म्हणाल्या. "अस्सं. शनिवारची गोष्ट घरी तिला सांगायचीस, तूच म्हणायचीस तेव्हा. मग तिला काय सांगितलास शेवट?"

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नव्हतं. मी आईला सांगितलं होतं की होडी येते, आई होडीत उभी असते, आणि लांबूनच ओरडते, "अगं, भरदिवसा दिवा काय लावून ठेवलास? तेल काय फुकट येतं?" माझी आई यावर खूप हसली होती. खोकला येईपर्यंत हसली. ते तिचं शेवटचं हसणं.

बाईही हसल्या. "बरा आहे हा शेवट," म्हणाल्या. "पण पुस्तकातलाही असू दे. तो फर्मा आता शिवून टाक."

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मी विचारलंही नाही.

तरी व्यवस्था अशी. उद्या रविवारी मी फर्मा शिवीन. हात चालला नाही तर भाची शिवील, तिला टाका येतो. लाल शाईचा शेरा खोडायचा नाही. त्याच्याखाली मी आज लिहिलं आहे: "पानं मी काढली होती. बाईंनी नव्हे." खाली माझी सही आहे. माझ्यामागे माझी सगळी पुस्तकं ग्रंथालयाला जातील. हे पुस्तकही त्यांच्यात जाईल, पण कुलूपबंद कपाटात नाही, घरी नेता येतील अशा पुस्तकांत. शनिवारपर्यंत दम न निघणाऱ्या कोणालाही ते द्यावं.

आणि मी सोमवारनंतर राहिले, तर बाईंनी मला दर शनिवारी एक तास बोलावलं आहे. शेजारची चार मुलं बोलावायची असंही म्हणतात. वाचणार मी. पुढचं आधी वाचून यायचं नाही, असा हुकूम आहे.

वरील सर्व मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी ऐकला, आणि साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण: बाईंची खोली, खिडकीजवळ.
दिनांक: या महिन्याची चौदा, शनिवार, शाळेचा शेवटचा तास असायचा त्या वेळी.

सही: बाइंडिंगवाली

साक्षीदार क्र. १: कुलूपवाले. माझ्यासमोर सही झाली. मला काही नको. ताईंनी लवकर घरी यावं.

साक्षीदार क्र. २: सेवानिवृत्त शिक्षिका, वय ८९. माझ्यासमोर सही झाली. मजकूर पूर्ण ऐकला. एक चूक आहे, ती मी माझ्या हाताने दुरुस्त करते. कलम पाचमध्ये मुलीचं वय बारा लिहिलं आहे. ते कोणीतरी तिला चुकीचं सांगितलेलं असावं. ती पाचवीत होती आणि दहा वर्षांची होती. हजेरीपट मी भरत असे.